दंतरोपणाची घाई, हिरड्यांची हेळसांड

दिवाळीनंतरच्या आठवड्यात निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार माझ्या दवाखान्यात आले. वय साठीच्या आतबाहेर. खालच्या जबड्यातील उजवीकडच्या दोन दाढा गेलेल्या, वरची एक गेलेली. खिशातून त्यांनी घडी घातलेला जाहिरातीचा कागद काढला आणि टेबलावर पसरला. ‘तीन दिवसांत पक्के दात’ असे त्यावर मोठ्या अक्षरात छापलेले होते.

‘‘डॉक्टरसाहेब, माघात पोरीचं लग्न आहे. तेवढ्यात हे स्क्रू ठोकून टाका. पैशाची तुम्ही काळजी करू नका.’’

मी तोंड तपासले. उरलेल्या दातांच्या मुळाशी कीटणाचा पिवळा-काळा थर बसलेला होता. हिरडीला सळई नुसती टेकवली तरी रक्त येत होते. पुढचे दोन दात बोटाने हलत होते. मी विचारले, ‘‘नाना, साखर कधी तपासली होती?’’ ते म्हणाले, ‘‘तपासायला कशाला पाहिजे? मला काही त्रासच नाही.’’

‘‘बरं, मग बागेचं सांगा. नवी बाग लावताना तुम्ही पहिल्या दिवशी काय करता?’’

नानांना विषय आवडीचा मिळाला. आधी माती आणि पाणी तपासून घ्यायचे, मग चाऱ्या खोदायच्या, त्यांत शेणखत भरायचे, जंगली रोप लावायचे, ते अंगाने भरले की पावसाळा सरताना त्यावर कलम करायचे, मांडव उभा करायचा. घड हातात यायला दोन वर्षे. हे सगळे त्यांनी न थांबता सांगितले आणि शेवटी स्वतःच हसू लागले. मला जे सांगायचे होते ते त्यांच्या लक्षात आले होते.

वाचकहो, आजचा हा लेख नानांसारख्यांसाठी आहे. गेल्या काही वर्षांत दंतरोपण, म्हणजे ज्याला सगळे ‘इम्प्लांट’ म्हणतात ते, शहरातून गावापर्यंत पोहोचले. कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या पाट्यांवर ते आहेच, पण आता पिंपळगाव, सिन्नर, मनमाडलाही आहे. ही चांगलीच गोष्ट आहे. माझी तक्रार उपचाराबद्दल नाही. माझी तक्रार अशी की, आपल्याकडे स्क्रूची जाहिरात होते, त्याआधीच्या दोन-चार महिन्यांच्या तयारीची कोणी करीत नाही. रुग्णाला ती तयारी म्हणजे डॉक्टरने लावलेला वेळ वाटतो, आणि काही डॉक्टरांनाही ती अडचण वाटते. माझे मत याच्या उलट आहे. निम्म्याहून अधिक उपचार या तयारीतच असतो.

आधी इम्प्लांट म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. टायटॅनियम धातूचा, साधारण तीन ते पाच मिलिमीटर जाड आणि आठ ते तेरा मिलिमीटर लांब असा हा स्क्रू असतो. जबड्याच्या हाडात तो बसवतात. हाड त्याच्या पृष्ठभागाला घट्ट जुळले की त्यावर जोडतुकडा आणि मग कॅप. टायटॅनियम आपल्याला तसे परके नाही. ओझरला जी लढाऊ विमाने तयार होतात, त्यांतही हा धातू असतो. हलका, मजबूत आणि गंज न धरणारा. पण हाड त्याला आपलेसे करते, हे मात्र योगायोगाने कळले. स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रोनेमार्क नावाचे संशोधक 1952 च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी नळकांडी बसवून रक्ताभिसरण पाहत होते. प्रयोग संपल्यावर ती महागडी नळकांडी काढून पुन्हा वापरायची, तर निघेचनात. हाडाने त्यांना पकडून ठेवले होते. 1965 मध्ये त्यांनी गोस्टा लार्सन नावाच्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. जन्मतःच जबड्यात दोष असलेल्या या माणसाला ते 2006 मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ उपयोगी पडले. तरीही 1982 मध्ये टोरांटोला परिषद होईपर्यंत जगातील बहुतेक दंतवैद्यांनी या पद्धतीकडे संशयानेच पाहिले. ब्रोनेमार्क स्वतः स्क्रू बसवल्यावर हिरडी शिवून टाकत आणि खालच्या जबड्यात तीन-चार महिने, वरच्या जबड्यात सहा महिने वाट पाहत. वरचे हाड भुसभुशीत असते म्हणून तिथे वेळ जास्त.

आता काही रुग्णांमध्ये त्याच दिवशी किंवा दोन-चार दिवसांत तात्पुरते दात बसवता येतात, हे खरे आहे. मी ते नाकारीत नाही. हाड भक्कम असेल, हिरड्या निरोगी असतील, रुग्ण निवडून घेतला असेल, तर तसे करता येते. पण जाहिरातीत ‘असेल तर’ हे शब्द छापलेले नसतात.

आता हिरड्यांकडे येतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे. नैसर्गिक दात हाडात थेट रुतलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती बारीक तंतूंची गादी असते आणि हिरडीचे तंतू दाताच्या मुळात आडवे घुसलेले असतात. जंतूंना खाली उतरायचे तर हे कुंपण ओलांडावे लागते. इम्प्लांटला अशी गादी नसते. हिरडी त्याच्याभोवती नुसती गळपट्ट्यासारखी बसलेली असते. त्यामुळे एकदा जंतू आत शिरले की हाडापर्यंत लवकर पोहोचतात. शिवाय दाताला दुखते, स्क्रूला दुखत नाही. हाड झिजत असते आणि रुग्णाला पत्ता नसतो. पू येऊ लागला, कॅप हलू लागली, की तो दवाखान्यात येतो. तोपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

हे जंतू येतात कुठून? शेजारच्या दातांच्या मुळांवरून. ज्याला आपण पायोरिया म्हणतो, तो ज्या जंतूंमुळे होतो तेच जंतू इम्प्लांटवर वस्ती करतात. म्हणून ज्याच्या तोंडात पायोरिया आहे, त्याच्या तोंडात आधी तो आटोक्यात आणल्याशिवाय स्क्रू बसवणे म्हणजे वाळवी लागलेल्या घरात नवा सागवानी दरवाजा लावणे. आणि पायोरियानेच ज्याचे दात गेले, त्याला पुढेही धोका जास्त असतो. त्याने तर दुप्पट जपायला हवे.

हे मी पुस्तकातून शिकलो असे सांगितले तर ते अर्धेच खरे होईल. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक निवृत्त शिक्षिका आल्या. मुलगी परदेशात, तिच्याकडे सहा महिने राहायला जायचे होते. तिकीट काढलेले. खालच्या डाव्या बाजूच्या दोन दाढांच्या जागी इम्प्लांट हवे होते. हिरड्यांना सूज होती, ती मला दिसत होती. पण बाई घाईत होत्या आणि खरे सांगायचे तर मीही नवीन शिकलेले काम करायला उत्सुक होतो. ‘सफाई परत आल्यावर करू’ असे म्हणून मी दोन्ही स्क्रू बसवले. हाड जुळले, कॅप बसल्या, बाई खूश. अडीच वर्षांनी त्या परत आल्या तेव्हा एका स्क्रूभोवती पू होता, दुसऱ्याभोवतीचे निम्मे हाड गेलेले होते. दोन्ही काढावे लागले. मी पैसे परत केले. त्यांनी ते घ्यायला खूप आढेवेढे घेतले आणि वर मलाच समजावले, की असे होते कधीकधी. होते हे खरे, पण या वेळी ते माझ्यामुळे झाले होते. तिथे पुन्हा स्क्रू बसवायला पुरेसे हाड नव्हते. आजही त्या काढघालीची कवळी वापरतात. तेव्हापासून हिरडीतून रक्त येत असेल तर मी स्क्रूच्या पेटीला हात लावत नाही, मग समोर कोणीही बसलेले असो.

मग तयारीत करायचे काय? पहिले काम म्हणजे सफाई. नुसती वरची नव्हे, तर हिरडीखाली मुळावर बसलेले कीटण खरवडून काढणे. यासाठी एक-दोन बैठकी लागतात, क्वचित हिरडीची छोटी शस्त्रक्रियाही. इथे मला रोज एक प्रश्न ऐकावा लागतो, की सफाईने दात ढिले होतात ना? नाही. कीटणाने हाड आधीच खाल्लेले असते आणि हलणाऱ्या दातांना कीटणच धरून ठेवल्यासारखे असते. ते निघाले की खरी परिस्थिती दिसते. फटीही तशाच, त्या आधीपासून असतात, फक्त कीटणाने बुजलेल्या असतात. (याच जातीचा दुसरा समज म्हणजे वरची दाढ काढली की डोळे जातात. चाळिशीनंतर दाढाही जातात आणि चष्माही लागतो, एवढाच त्या दोघांचा संबंध.) सफाईनंतर सहा ते आठ आठवड्यांनी हिरड्या पुन्हा मोजून पाहायच्या. रक्त थांबले, खोली कमी झाली, तर पुढे जायचे. नाही थांबले तर पुन्हा काम.

याच काळात बाकीची डागडुजी होते. कीड लागलेले दात भरणे, ज्यांच्या मुळाशी पू आहे त्यांचे रूट कॅनाल करणे, किंवा वाचणार नसतील तर काढणे. आणखी एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. दाढ काढून पाच-दहा वर्षे जागा मोकळी ठेवली, तर शेजारची दाढ त्या जागेत कलते आणि समोरची दाढ लांबून खाली उतरते. मग खाली स्क्रू बसतो, पण वर कॅपला जागा नाही. अशा वेळी ती उतरलेली दाढ घासून तिला कॅप करावी लागते. नानांचे नेमके हेच होते.

हाडाचे गणित वेगळे. दात काढल्यावर तिथले हाड बसून राहत नाही, विरत जाते. साधारण एका वर्षात त्या जागेची रुंदी निम्म्यावर येते, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. म्हणून दात काढायची वेळ आली की त्याच वेळी पुढचा विचार बोलून घ्यावा. काही वेळा काढलेल्या जागेत हाडाची पूड भरून रुंदी राखता येते. वरच्या जबड्यात मागे नाकाशेजारची हवेची पोकळी खाली उतरते आणि हाड पातळ होते. खालच्या जबड्यात ओठाला जाणीव देणारी नस हाडातूनच जाते. तिला धक्का लागला तर ओठ बधिर राहू शकतो. म्हणून अख्ख्या जबड्याचा एक्स-रे तर हवाच, आणि जिथे शंका तिथे सीबीसीटी नावाचे त्रिमिती छायाचित्रही. बोटाने चाचपून ‘हाड भरपूर आहे’ असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, मग तो मी का असेना.

साखरेविषयी. मधुमेह आहे म्हणून इम्प्लांट होत नाही, हा गैरसमज आहे. साखर ताब्यात नसेल तर होत नाही, हे खरे. एका सकाळची साखर पाहून भागत नाही. तीन महिन्यांचा हिशेब सांगणारी एचबीएवनसी ही तपासणी लागते. ती सातच्या आसपास असेल तर मी निर्धास्त असतो. आठच्या वर असेल तर रुग्णाला आधी त्याच्या फिजिशियनकडे पाठवतो. गंमत अशी की हे दुतर्फी नाते आहे. हिरड्यांचा संसर्ग असेल तर साखर आवरत नाही, आणि साखर आवरत नसेल तर हिरड्या बऱ्या होत नाहीत. नानांची एचबीएवनसी 9.2 निघाली. त्यांना काही त्रासच नव्हता!

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. अँजिओप्लास्टी झालेले लोक ‘दात काढायचा म्हणून चार दिवस गोळी घेतली नाही’ असे अभिमानाने सांगतात, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. तसेच हाडे ठिसूळ झाल्याबद्दल, विशेषतः वयस्कर स्त्रियांना, ज्या गोळ्या किंवा इंजेक्शने दिली जातात, त्यांतील काहींमुळे जबड्याचे हाड क्वचित सडते. कर्करोगासाठी ती मोठ्या मात्रेत दिली असतील तर धोका पुष्कळ वाढतो. तोंडाला-घशाला किरणोपचार झाले असतील तर तेही आधी सांगायला हवे. दातांचा डॉक्टर आहे, त्याला हे काय सांगायचे, असे म्हणून ही गोष्ट लपली जाते. औषधांची चिठ्ठीच घेऊन यावे, म्हणजे विसरायचा प्रश्न नाही.

आणि आता तंबाखू. या विषयावर मी रागावतो, त्याबद्दल वाचकांनी सांभाळून घ्यावे. आपला जिल्हा या बाबतीत साधासुधा नाही. सिन्नरला एकेकाळी घरोघर विड्या वळल्या जात. खेड्यांत आजही कित्येक बायका सकाळी मशेरीने दात घासतात आणि तिला व्यसन न म्हणता दंतमंजन म्हणतात. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि मंजनांवर केंद्र सरकारने 1992 मध्येच बंदी घातली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला कोणता कायदा अडवणार? राज्यात गुटख्यावर 2012 मध्ये बंदी आली, आणि त्यानंतरही माझ्या खुर्चीत बसणाऱ्या पोरांचे दात तांबडे-काळेच आहेत.

धूम्रपानाने हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो. त्यामुळे जखम उशिरा भरते आणि स्क्रू निकामी होण्याचे प्रमाण वाढते. सिगारेट-विडी सुटत नसेल तर निदान शस्त्रक्रियेआधी एक आठवडा आणि नंतर दोन महिने ती पूर्ण बंद, ही माझी किमान अट असते. माझी इच्छा अर्थातच कायमची सुटावी अशी. पण गुटखा आणि सुपारीचे प्रकरण याहून वाईट. त्याने गालाच्या आतली त्वचा पांढरी पडून कडक होते आणि तोंड उघडेनासे होते. घरी एक चाचणी करून पाहा. तर्जनी, मधले आणि अनामिका अशी स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून दातांच्या मधे घाला. ती सहज जायला हवीत. माझ्याकडे तिशीतले रुग्ण येतात, ज्यांच्या तोंडात एक बोट कसेबसे जाते. त्यांच्याजवळ पैसे असतात, हाड असते, वय असते. मागच्या दाढेच्या जागी ड्रिल नेण्यापुरती जागाच नसते. त्यातला एक तर स्वतःच्या लग्नापूर्वी दात बसवून घ्यायला आला होता. त्याला मला सांगावे लागले की दाताचे नंतर पाहू, आधी गालातल्या चट्ट्याचा तुकडा तपासायला पाठवू. कारण या रोगातून पुढे कर्करोग होऊ शकतो.

खर्चाबद्दल दोन शब्द. तयारीचा खर्च स्क्रूच्या मानाने थोडा असतो. ज्यांना तोही जड वाटतो, त्यांनी पंचवटीतील दंत महाविद्यालयात किंवा जिल्हा रुग्णालयाच्या दंतविभागात जाऊन तपासणी आणि सफाई करून घ्यावी. तिथे रांग असते, वेळ जातो, पण खासगी दवाखान्यापेक्षा पैसे कमी लागतात. आणि एक मोकळेपणाने सांगतो. पुष्कळ लोक तिथे सफाई करतात, हिरड्या बऱ्या होतात, हलणारे दात घट्ट होतात, आणि मग पाचाऐवजी दोनच इम्प्लांट लागतात. आमच्या धंद्यातील कोणाला हे आवडले नाही तरी चालेल. काहींना तर इम्प्लांटची गरजच नसते. एका जागेसाठी ब्रिज पुरतो, आणि आजारी, थकलेल्या माणसाला चांगली कवळी हाही लाजिरवाणा उपाय नाही.

दुसरीकडे घासण्याची सवय. ज्याला रोज दोनदा ब्रश करणे जमत नाही, त्याच्या तोंडात लाखभर रुपयांचे धातुकाम करून काय होणार? मी रुग्णाला स्क्रूच्या आधी दोन महिने दातांच्या फटीत फिरवायचा छोटा बाटलीच्या ब्रशसारखा ब्रश देतो आणि सांगतो, हे जमले तर पुढचे. कारण पुढे आयुष्यभर स्क्रूभोवती तोच फिरवायचा आहे, आणि दर सहा महिन्यांनी तपासणीलाही यायचे आहे. कोणी म्हणतो, ‘डॉक्टर, धातूला कुठे कीड लागते?’ कीड लागत नाही, बरोबर आहे. पण धातूला ज्याने धरले आहे, ते हाड तर आपलेच आहे ना!

नानांचे काय झाले, हे सांगायचे राहिले. त्यांनी त्या दिवशी जाहिरातीचा कागद परत खिशात ठेवला आणि ‘घरी विचारून सांगतो’ म्हणाले. मला वाटले, गेले. चार दिवसांनी त्यांच्या सूनबाईंचा फोन आला, की सासऱ्यांना फिजिशियनकडे नेऊन आणले, गोळ्या सुरू केल्या, सफाईची तारीख द्या. दोन बैठकींत सफाई झाली. हलणाऱ्या दोन दातांपैकी एक काढावा लागला, एक आश्चर्यकारकरीत्या स्थिरावला. मंगल कार्यालयात मिरवण्यासाठी मी त्यांना साधी काढघालीची कवळी बनवून दिली. ती जेवताना काढून ठेवावी लागते म्हणून ते कुरकुरतात. लग्न तेवढ्यावर व्यवस्थित पार पडले, आणि त्यांनी मला बोलावूनही घेतले. जेवणात जिलेबी होती. माझ्याकडे पाहून त्यांनी ताटातली जिलेबी मुकाट्याने नातवाच्या ताटात टाकली.

परवा त्यांची दुसरी एचबीएवनसी आली, 7.4. हिरडीतून रक्त थांबले आहे. त्रिमिती छायाचित्र झाले. उजवीकडे खाली हाड पुरेसे आहे, वर थोडी पूड भरावी लागेल. द्राक्षाची काढणी संपली आणि एप्रिलची छाटणी एकदा उरकली की ते येणार आहेत. मधल्या काळात छोटा ब्रश रोज फिरवायचा आहे, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तो फिरतो आहे. सूनबाईंचे म्हणणे थोडे वेगळे आहे.